वॉशिंग्टनच्या आयटीत जोखीम कोणाच्या गळ्यात?

गेलं वर्षभर नॉर्दर्न व्हर्जिनियातल्या मराठी मंडळींत एकच वाद रंगतोय. गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, मुलांच्या मराठी शाळेबाहेर पार्किंगमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अखंड. एक गट म्हणतो, वॉशिंग्टन हे सरकारचं गाव, इथे मंदी शिवत नाही. २००१ पाहिलं, २००८ पाहिलं, आम्ही जागचे हललो नाही. दुसरा गट म्हणतो, ते दिवस संपले. मस्कने अर्धं दुकान बंद केलं, उरलेलं एआय खाईल, टाउनहाउस विका आणि ऑस्टिन गाठा. दोन्ही गट नोकऱ्या मोजतात, एक उरलेल्या आणि दुसरा गेलेल्या. माझ्या मते हिशोब इथेच चुकतो. वॉशिंग्टनमधलं संगणकाचं काम आटणार नाही. पण ते काम मध्येच थांबलं, कापलं गेलं किंवा दुसऱ्याच्या हातात गेलं तर नुकसान कोणी सोसायचं, याची वाटणी गेल्या तीसेक वर्षांत हळूहळू बदलत आली आणि २०२५ मध्ये ती एकदम उघड्यावर पडली. पुढची भरती आणि पुढचे पगार या वाटणीवर ठरणार आहेत.

काय घडलं ते एकदा नीट मांडू, कारण वादात तपशिलांची फार ओढाताण होते. २० जानेवारी २०२५ ला ‘डोज’, म्हणजे सरकारी खर्चाला कात्री लावणारं मस्कचं पथक, जन्माला आलं. आठ दिवसांनी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ‘फोर्क इन द रोड’ या मथळ्याचा ईमेल गेला: आत्ता राजीनामा द्या, सप्टेंबरअखेरपर्यंत पगार घ्या. पहिल्या फेरीत सुमारे ७५ हजार लोकांनी ते मान्य केलं. मग प्रोबेशनवरच्यांना काढायला सुरुवात झाली. प्रोबेशनवर म्हणजे नुकते लागलेले, आणि काही ठिकाणी नुकतीच बढती मिळून नव्या पदावर गेलेलेही. सरकारी आयटीत तिशीच्या आतले लोक आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि कुऱ्हाड नेमकी त्यांच्यावर. एप्रिलमध्ये संरक्षण खात्याने ५.१ अब्ज डॉलरची सल्लागारीची आणि आयटीची कंत्राटं रद्द करायचा आदेश काढला. मे महिन्यात बूझ अ‍ॅलन या बड्या सरकारी कंत्राटदार कंपनीने सुमारे २,५०० माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. खर्चाला संसदेची मंजुरी न मिळाल्याने १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर सरकार ४३ दिवस बंद राहिलं, तोवरचं सर्वांत लांब. त्याआधीच, उन्हाळ्यात, वॉशिंग्टन डीसीचा बेरोजगारीचा दर सहा टक्क्यांवर जाऊन देशात सर्वांत वर पोचला होता. ‘इथे मंदी शिवत नाही’ म्हणणाऱ्यांनी या आकड्याकडे डोळेझाक करू नये.

तरीही त्यांच्या म्हणण्यात जो दम आहे तो मान्य करायला हवा. अमेरिकेचं केंद्र सरकार आयटीवर वर्षाला शंभर अब्ज डॉलरहून जास्त खर्च करतं, आणि त्यातला सुमारे ८० टक्के पैसा आहे त्या प्रणाली चालू ठेवण्यात जातो. करखात्याची करदात्यांची मूळ नोंदवही १९६० च्या दशकातल्या प्रणालीवर चालत आली आहे. निवृत्तिवेतन देणाऱ्या सोशल सिक्युरिटीच्या पोटात आजही कोबोल ही जुनी संगणकभाषा आहे. राष्ट्राध्यक्ष कोणीही असो, महिन्याच्या ठरल्या दिवशी कोट्यवधी म्हाताऱ्यांच्या खात्यात पैसे पडावेच लागतात. शिवाय जुलै २०२५ च्या कायद्याने संरक्षणासाठी सुमारे १५० अब्ज डॉलर जादा ओतले. फोर्ट मीडमधलं एनएसए आणि स्प्रिंगफील्डचं एनजीए ही गुप्तचर खाती, संरक्षण खात्याचं पेंटॅगॉन ही काही गाशा गुंडाळणारी ठिकाणं नाहीत. म्हणजे ‘सगळं संपलं’ हा दुसऱ्या गटाचा टाहोही खोटाच. मग पैसा इतका आहे, काम इतकं आहे, तर माणसं हवालदिल का?

कारण इथला पगार मागणी-पुरवठ्यावर ठरतो असं आपण गृहीत धरतो, आणि ते फारच थोड्या अंशी खरं आहे. सरकारच्या थेट नोकरीत जीएस नावाची शिडी आहे: पंधरा ग्रेड, प्रत्येकात दहा पायऱ्या. २०२५ मध्ये वॉशिंग्टन भागात ग्रेड १३ ची पहिली पायरी सुमारे १ लाख २० हजार डॉलरची होती. आणि सगळ्यांच्या डोक्यावर छत होतं १,९५,२०० डॉलरचं. ग्रेड १५ च्या सहाव्या पायरीवर माणूस त्या छताला टेकतो आणि दहाव्या पायरीपर्यंत तिथेच टेकलेला राहतो, म्हणजे वर्षं वाढतात आणि पगार तोच. २०२६ साठी सरसकट वाढ दिली एक टक्का. ही शिडी तुम्ही क्लाउड बांधता की टपाल सांभाळता हे फारसं पाहत नाही. कंत्राटी बाजूला शिडी नाही, पण ‘लेबर कॅटेगरी’ आहे: अमुक पदवी, अमुक वर्षं अनुभव, म्हणून तासाला अमुक दरापर्यंत बिल. तुमची हुशारी त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही. वर प्राइम कंपनी, तिच्याखाली सबकॉन्ट्रॅक्टर, कधी त्याच्याखाली आणखी एक; प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो आणि तळाशी जे उरतं त्याला पगार म्हणतात. कॅलिफोर्नियातल्यासारखे शेअर वगैरे इथे बहुतेकांच्या वाट्याला येत नाहीत. इथली माणसं थोडा कमी पगार मान्य करत आली ती स्थैर्याच्या बदल्यात. आता स्थैर्य काढून घेतलं आणि पगार तिथेच ठेवला, तर सौदा उरला कुठे?

कंत्राटी आयटीतलं रोजचं जगणं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना या जोखमीचा अंदाज येत नाही. दिवसाच्या शेवटी प्रत्येकाला टाइमशीट भरावी लागते, आणि तीही रोजच्या रोज. शुक्रवारी आठवड्याचं एकदम भरलं तर ऑडिटवाले कान धरतात. प्रत्येक तासापुढे एक चार्ज कोड. हा कोड म्हणजे त्या कंत्राटातली तुमची जागा. एखाद्या सकाळी कोड टाकायला जावं तर यादीत तो दिसतच नाही. मॅनेजरला फोन करावा तर तो म्हणतो, मलाही आत्ताच कळलं. मग काही दिवस ‘ओव्हरहेड’वर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर, मग साठलेली रजा वापरा, मग एचआरचा फोन. कंत्राट साधारण एक मूळ वर्ष आणि पुढे सरकारच्या मर्जीची चार वर्षं अशा धर्तीचं असतं, म्हणजे आपण तीस वर्षांचं गृहकर्ज काढतो ते दर वर्षी नव्याने मंजूर होणाऱ्या नोकरीच्या भरवशावर. आणि कंत्राट दुसऱ्या कंपनीने जिंकलं तर? टेबल तेच, लॉगिन तेच, समोरचा सरकारी साहेब तोच; गळ्यातला बॅज तेवढा बदलतो. नवी कंपनी बोली जिंकण्यासाठी दर पाडून आलेली असते, म्हणून तुमचा पगार पाडते, आणि जमलेल्या रजा शून्यावर येतात. सरकारच्या बाजूने पाहिलं तर सेवा अखंड चालू आहे. कोणाची नोकरी गेल्याची नोंदसुद्धा कुठे होत नाही.

बंदच्या काळातला भेद तर अगदी कागदोपत्री आहे. २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या बंददरम्यान सरकारी कर्मचाऱ्यांना बंद उठल्यावर मागचा पगार देण्याचा कायदा झाला. शेजारच्याच खुर्चीवर बसणाऱ्या कंत्राटी माणसाला त्या कायद्यात जागा नाही. २०२५ च्या शरदातल्या ४३ दिवसांचे पैसे कित्येकांचे कायमचे गेले. काही कंपन्यांनी पदरमोड करून लोक सांभाळले, हे खरं. पण तो त्या कंपनीचा चांगुलपणा झाला.

‘पूर्वीही असंच झालं होतं आणि मग सगळं सावरलं’ हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो सर्वांत वरवरचा आहे. संदर्भ असतो १९९० च्या दशकाचा. क्लिंटन आणि गोर यांनी १९९३ मध्ये सरकारची फेररचना हाती घेतली, १९९४ च्या कायद्याने २,७२,९०० पदं कमी करायचं ठरलं. त्यात शीतयुद्ध संपल्यामुळे संरक्षण खर्च उतरणीला लागलेला. तरी हा परिसर बहरला. का? एक तर सरकारी पदं गेली पण काम गेलं नाही; ते कंत्राटदारांकडे सरकलं, आणि जोखमीची वाटणी बदलायला खरी सुरुवात तिथे झाली. दुसरं, नेमकी त्याच वेळी इंटरनेटची लाट आली आणि ती याच अंगणात आली. एओएल, यूयूनेट, एमसीआय यांची घरं इथली; देशातल्या सुरुवातीच्या मोठ्या इंटरनेट जोडण्यांपैकी एक, माए-ईस्ट, टायसन्समधल्या एका इमारतीच्या पार्किंग गॅरेजमधून चालायची. सरकारने सोडलेल्या माणसाला उचलायला दारात खासगी उद्योग उभा होता. तो फुगा फुटला, जुलै २००२ मध्ये यूयूनेट आणि एमसीआयची मालक असलेल्या वर्ल्डकॉमने दिवाळखोरी मागितली, तोवर ११ सप्टेंबर होऊन गेलं होतं आणि गृहसुरक्षेच्या नावाने सरकारी पैशाचा पूर आला होता. यात निसर्गनियम कुठला? दोनदा नशिबाने हात दिला इतकंच. तिसऱ्यांदा, म्हणजे २०१३ च्या सीक्वेस्टरमध्ये (सरकारी खर्चाच्या सरसकट कपातीत), असं काही धावून आलं नाही. त्या काळात ‘निकषात बसणारी सर्वांत स्वस्त बोली’ हा मंत्र झाला आणि त्याच टेबलावरचा तोच माणूस कमी पगारात काम करू लागला. लोक हा मधला धडा सोयीस्करपणे गाळतात.

आजची लाट कोणती, तर एआयची. आणि तीही याच अंगणात आली आहे हे खरं. अ‍ॅशबर्नला मेट्रोच्या सिल्व्हर लाइनच्या शेवटच्या स्टेशनकडून गाडी काढा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या राखाडी इमारती, कुंपण, छतावर पंख्यांच्या रांगा आणि मागे सबस्टेशन. पलीकडच्या टाउनहाउसमधली माणसं रात्रभर त्यांची घरघर ऐकतात. लाउडन काउंटीच्या तिजोरीला या इमारती भरभरून कर देतात. पण दुपारी तिथलं पार्किंग पाहा: अवाढव्य इमारत आणि बाहेर मूठभर गाड्या. बांधकामाच्या वेळी इलेक्ट्रिशियन आणि फिटर यांची चांदी होते. एकदा चालू झाली की एका इमारतीला कायमची काही डझन माणसं पुरतात. नव्वदीतल्या इंटरनेट कंपन्यांनी माणसं ओढून घेतली, हा उद्योग वीज ओढतो. आर्लिंग्टनला अ‍ॅमेझॉनचं दुसरं मुख्यालय आलं तेव्हा २५ हजार नोकऱ्यांची घोषणा होती. पहिला टप्पा २०२३ मध्ये उघडला आणि दुसरा त्याच वर्षी लांबणीवर टाकला.

कापाकापीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र झटकून चालणार नाही. सरकारी आयटीत उधळपट्टी होती आणि आहे. ओबामांच्या आरोग्यविम्याचं संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला उघडलं आणि पहिल्या दिवशी सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. सहा! त्यामागे कंत्राटदारांची फौज होती, आणि तरीही संपूर्ण प्रणाली एकत्र चालते की नाही हे पाहणारा माणूस सरकारात नव्हता. सप्टेंबर आला की उरलेलं बजेट संपवायची धांदल उडते. आपल्याकडचा मार्च एंड ज्याने पाहिला त्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून कात्री लावणारे म्हणाले की साफसफाई हवी, तर तक्रार कशाला? तक्रार साफसफाईच्या जागेबद्दल आहे. २०१३ च्या त्या नाचक्कीनंतर सरकारला एक शहाणपण सुचलं होतं: जाणकार लोक आत घ्यावेत, म्हणजे बाहेरच्याने काय विकलंय ते कळेल. त्यातून २०१४ मध्ये डिजिटल सर्व्हिस आणि एटीन-एफ असे दोन गट झाले. २०२५ मध्ये डिजिटल सर्व्हिसचंच नाव बदलून डोज झालं आणि १ मार्चला एटीन-एफ बंद केलं. उधळपट्टी ओळखू शकणारी माणसं आधी घालवली, आणि ज्यांच्या बिलांमुळे ओरड होती त्यांच्यातले मोठे आजही उभे आहेत.

या बाबतीत आपल्याच इतिहासातलं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १८१८ च्या आधीचं पुणं हे असंच एकाच मालकाचं गाव. पेशवाई गेली आणि तिच्यावर जगणारे शिलेदार, मानकरी, भिक्षुक, कारखान्यांतले लोक उघड्यावर आले. कारकून मात्र सगळे बुडाले नाहीत. एल्फिन्स्टनला सारावसुली चालवायची होती आणि मोडीतलं दफ्तर वाचता येणारी, कोणत्या गावात कोणाचं वतन ते माहीत असणारी माणसं त्याला लागणारच होती. त्याने मामलतदारीचा गाडा मोठ्या प्रमाणावर देशी माणसांच्याच हाती ठेवला. पुढे १८५२ च्या इनाम कमिशनलाही तेच जुने कागद उपसावे लागले. राज्य बदललं तरी दफ्तर बदलत नाही. वॉशिंग्टनमध्येही तेच होणार: पन्नास वर्षांची जुनी प्रणाली कुठे काय करते हे ज्याला माहीत आहे त्याला नवं सरकारही हात जोडून बोलावेल. ज्यांची कमाई दरबारच्या दिमाखावर होती ते जातील. आजच्या भाषेत सांगायचं तर स्लाइड बनवणारे, बैठकींचे इतिवृत्त लिहिणारे, ‘प्रोग्रॅम सपोर्ट’ नावाखाली तास भरणारे. एआयचा पहिला घाव इथेच बसतो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ओपनएआय आणि अँथ्रोपिक यांनी आपली साधनं सरकारी खात्यांना अवघ्या एका डॉलरात देऊ केली. ज्या कंपनीचं उत्पन्न माणसं गुणिले तास असं मोजलं जातं, तिला हे परवडणार कसं? ती तास कमी करेल, आणि सुरुवात नव्या पोरांपासून करेल. सर्वांत मोठी काळजी हीच आहे, कारण आज कोबोल कळणारा माणूस निवृत्त होईल तेव्हा त्याच्या मागे उभं राहायला कोणी शिकलेलंच नसेल.

आता मराठी माणसापुरतं. आपल्यापैकी बरेच जण या वादात अशा बाजाराबद्दल तावातावाने बोलतात ज्याचं दारच आपल्याला बंद आहे. क्लिअरन्ससाठी, म्हणजे गोपनीय सरकारी कामाच्या परवान्यासाठी, नागरिकत्व लागतं. जाहिरातीत ‘अ‍ॅक्टिव्ह टीएस-एससीआय विथ पॉली’ अशी वरच्या दर्जाची क्लिअरन्स मागणारी ओळ दिसली की एच-वन-बीवाल्याने पुढे वाचायचं कारण नाही, ग्रीन कार्डवाल्यानेही नाही. मग आपली माणसं जातात ती बँकांत, हॉटेल कंपन्यांत, फॅनी मे आणि फ्रेडी मॅकसारख्या गृहकर्जाच्या कंपन्यांत, ज्या नावाला खासगी असली तरी सप्टेंबर २००८ पासून सरकारच्या ताब्यात आहेत. मोजक्या सरकारी कंत्राटांत ग्रीन कार्ड चालतं, एवढंच. २०२५ मध्ये सरकारी बाजूने सुटलेले नागरिक याच दारांवर अर्ज घेऊन उभे राहिले. त्यामुळे ज्याने सरकारसाठी एक तासही काम केलं नाही त्याच्याही पगारवाढीवर डोजचा परिणाम झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बीवर एक लाख डॉलरची फी आली. इथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ती लागू नाही असं पुढे स्पष्ट झालं, तरी कंपन्या बिचकायच्या त्या बिचकल्या. पुण्याहून जॉर्ज मेसन किंवा मेरीलँडला एमएसला येणाऱ्या पोरांच्या आईवडिलांना कोणी सांगत असेल की ‘डीसी सेफ आहे’, तर त्यांनी विचारावं: कोणत्या व्हिसावर?

आणि क्लिअरन्स असलेल्यांचं तरी काय? त्यांना जास्त पैसे मिळतात आणि मिळत राहतील, हे निर्विवाद. चौकशीला महिनोन्‌महिने लागतात. २०१८ मध्ये तर सव्वासात लाख प्रकरणं तुंबली होती. तयार क्लिअरन्सवाला माणूस म्हणून सोन्याच्या भावाने जातो. पण ते सोनं त्याच्या मालकीचं नाही. प्रायोजक सरकारी काम सुटलं आणि दोन वर्षं दुसरं मिळालं नाही की बहुधा पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे हा माणूस शहर सोडू शकत नाही, क्षेत्र सोडू शकत नाही, आणि पगाराची घासाघीस करताना समोरच्या कंपनीला हे नेमकं ठाऊक असतं.

सरकारने मूळ ज्ञान आपल्या पदरी ठेवावं, भाड्याने फक्त हात घ्यावेत, असं माझं मत आहे. यावर ‘मग पगार कोण देणार’ हा प्रश्न येतोच, आणि रास्त आहे. पगाराच्या त्या छताखाली उत्तम इंजिनिअर येणार नाहीत असं म्हणतात. पण एटीन-एफमध्ये आले होते, आणि सरकारी संकेतस्थळांवर शिरायचं सामायिक दार, लॉगिन-डॉट-गव्ह, त्यांनीच डिजिटल सर्व्हिसच्या साथीने उभं केलं. ते आले ते कामासाठी. तेच काढून घेतल्यावर पगाराच्या छताला दोष देणं ही पळवाट झाली. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी पदं नऊ खासगी कंपन्यांमार्फत भरायचा निर्णय निघाला, पोरं रस्त्यावर उतरली, आणि पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. टायसन्सच्या काचेच्या इमारतींतून असा मोर्चा निघणार नाही. तिथल्या माणसाला संघटना नाही आणि चार्ज कोडची भीती आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये त्याच सरकारने ‘टेक फोर्स’ जाहीर केली: सुमारे हजार तरुण तंत्रज्ञ, दीड ते दोन लाख डॉलर पगार, मुदत दोन वर्षं. वर्षाच्या सुरुवातीला ज्या वयाची माणसं प्रोबेशन म्हणून हाकलली त्याच वयाची माणसं वर्षअखेरीस हवी झाली, जास्त पगारावर पण मुदतीवर. पगाराचा प्रश्न सुटू शकतो हे यातून सरकारनेच कबूल केलं. मुदत मात्र दोनच वर्षांची, आणि करखात्याची ती नोंदवही बदलण्याचे प्रयत्न कित्येक दशकं चालू आहेत.